चाकाखालचा दगड

अहमदनगर, मंगळवार, ता. २२ एप्रिल १९४७.
उजाडताच तिसगावला निघालो. बरोबर डॉक्टर, सूर्यभान व चांदभाई मिस्त्री. करंजीचा घाट उतरताना गाडी नीट चालली. राहीबाईची सुटका झाली, मुलगी आहे. आई फार अशक्त, म्हणून दोघींना गाडीत घेऊन परत निघालो. घाट चढताना गाडी थांबली. चांदभाईंना इस्पितळात ठेवले आहे. निरोप घेऊन झेंडीगेटला, त्यांच्या घरी, मीच गेले. रोशनबी हातातले काम टाकून तशाच इस्पितळाकडे निघाल्या.

करुणाबाई साळव्यांना ही सवय पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये लागली. तिथल्या सिस्टर रोज संध्याकाळी मुलींना वहीसमोर बसवीत. दिवसभरात काय घडले ते लिहायचे, कोण आले-गेले ते लिहायचे, आणि शेवटी वापरातल्या वस्तूंची एक ओळ: काय संपले, काय फुटले, काय आणायचे. डॉक्टर साळव्यांशी लग्न होऊन नगरला आल्यावरही हा क्रम कधी चुकला नाही. सासूबाई गेल्या त्या दिवसाच्या पानावरसुद्धा खाली लिहिलेले आहे की रॉकेल उद्यापुरते आहे.

त्यांच्या वहीत चांदभाई मिस्त्री पहिल्यांदा आले ते मोटारीमुळे.

लढाई संपली आणि पलटणींच्या गाड्या लिलावात निघू लागल्या. डॉक्टर साळव्यांचे दौरे खेडोपाडी असत, म्हणून त्यांनी मुंबईहून एक अमेरिकन मोटार आणली. लांबलचक, काळी, आणि स्टिअरिंगचे चक्र डाव्या बाजूला. पण लोक बघायला यायचे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. हिला क्लच नव्हता. चक्राच्या दांड्यावर एक लिव्हर आणि तिच्यापुढे चार खुणा, एवढेच. लिव्हर एका खुणेवर ठेवली की गाडी आपली आपण गिअर बदलत जाई.

सूर्यभान ड्रायव्हरने आजवर मालाच्या लॉऱ्या हाकल्या होत्या. पहिल्या दिवशी त्याचा डावा पाय क्लच शोधत उगाच खालीवर होत राहिला. उतरल्यावर तो म्हणाला, "बाई, ही गाडी आपल्या मनानं चालती. आपन निस्तं बसायचं. मला न्हाई पटत."

दोन-तीन महिने गाडी रेशमासारखी चालली. मग उन्हाळा लागला आणि तिचे लक्षण बदलले. सकाळी ठीक असायची. दुपारी भिंगारहून परतताना मात्र इंजिन एकाएकी किंचाळू लागे आणि गाडी जागची हलत नसे. पाऊण तास सावलीत उभी केली की पुन्हा निघे, जसे काही झालेच नव्हते. नगरातल्या गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडले आणि मिटले. शेवटी कोणीतरी म्हणाले, झेंडीगेटच्या चांदभाईला दाखवा. लढाईत तो लष्करी वर्कशॉपात होता, तिथल्या हलक्या रणगाड्यांना असल्याच गिअरपेट्या होत्या.

चांदभाई आले ते सायकलवरून. उंच, जरा वाकलेले, दाढीत थोडे पांढरे. सायकल फाटकाला टेकवली, इकडेतिकडे पाहिले, एक खडा उचलला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. मग सलाम केला.

सूर्यभान हसला. "मिस्त्री, सायकल पळून जाती का काय?"

"पळून नाही जात, सूर्यभान. चालत जाते. पळणारी गोष्ट आवाज करते."

गाडीला त्यांनी लगेच हात लावला नाही. प्रथम सूर्यभानला किल्ल्याभोवती फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. गाडी तापली, इंजिन किंचाळले, तेव्हा म्हणाले, "हां. आता घरी." अंगणात इंजिन चालूच ठेवून त्यांनी पुढची सतरंजी उचलली, तळाचे झाकण काढले आणि गिअरपेटीतल्या तेलाची पट्टी वर ओढली. करुणाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटले होते की मिस्त्री तेल किती आहे ते बघतील. त्यांनी ते अंगठ्यावर घेतले, हुंगले, आणि दोन बोटांत धरून ताणले. तेलाची तार निघाली.

"सूर्यभान, ह्याच्यात काय ओतलंस?"

"काय वतनार? तेल कमी झाल्तं. एरंडेल टाकलं."

"एरंडेल!"

"मंग? आमच्या बैलगाडीच्या आसाला एरंडेल, लॉरी करकरली तर एरंडेल. आमच्या आईनं तर आमालाबी पाजलंय. कुनाला काय झालं न्हाई."

करुणाबाईंना हसू आवरेना. चांदभाईही हसले, पण डोळे पट्टीवरच होते. म्हणाले, "बाईसाहेब, साध्या गाडीत तेल दात्यांना लागतं, इथं तेलच काम करतं. इंजिनाचा जोर तेलातून पुढे जातो. आत पट्टे आहेत, ते तेलाच्या दाबानं आवळतात आणि गिअर बदलतो. तेल चिकट झालं, जाळी तुंबली, की दाब पडतो. दाब पडला की पट्टा आवळत नाही, घसरतो. घसरला की जळतो. हा वास त्याचाच आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीखालून गिअरपेटीचा तवा उतरवला. तव्यात काळा कोंडा साचला होता, पट्ट्याचे जळून गेलेले अस्तर. जाळी मळीने बुजली होती. त्यांनी सारे रॉकेलमध्ये धुतले, पट्ट्यांचे स्क्रू कानाने ऐकत आवळले, कॅम्पातून पातळ तेल मिळवून भरले. गाडी पुन्हा चालू लागली. डॉक्टर खूश झाले. चांदभाई झाले नाहीत.

"साहेब, दुखणं दाबलंय, गेलं नाही. पट्ट्यावर अस्तर राहिलेलं नाही. नवा पट्टा मुंबईहून येईस्तोवर सपाटीवर चालवा. घाटात नका नेऊ."

मग त्यांनी सूर्यभानला बसवून चार खुणा पुन्हा समजावल्या. चौथी खूण मागे जायची. तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे पक्कं ध्यानात ठेव. लॉरी बंद करून कुठल्याही गिअरात टाकली तरी इंजिन तिला धरून ठेवतं. ही तशी नाही. इंजिन बंद झालं की तेलाचा दाब गेला, पट्टे सुटले. पुढच्या खुणांवर ही गाडी धरत नाही, नुसती धरल्यासारखी दिसते. ह्या एकाच खुणेवर आतून लोखंडी दात अडकतो. उभी करायची तर इथंच. चढ असो, उतार असो."

"बरं बरं," सूर्यभान म्हणाला.

जाताना त्यांनी एक दगड गाडीच्या मागच्या पेटीत ठेवला. काळा, नदीतला, एका अंगाने घासून सपाट झालेला. करुणाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांनी कादरची गोष्ट सांगितली. कादर म्हणजे त्यांच्या पत्नी रोशनबींचा धाकटा भाऊ, त्याच वर्कशॉपात कामाला. आवारात जराशा उतारावर एक रणगाडा उभा होता, इंजिन बंद, लिव्हर पुढच्या खुणेवर. कादर खाली बसून डबा खात होता.

"आवाज नाही आला, बाईसाहेब. इंजिन बंद होतं ना. एवढा लोखंडाचा डोंगर, मांजरासारखा आला. मी समोर होतो. माझ्या तोंडून नाव निघेपर्यंत..." त्यांनी पेटीतला दगड सपाट अंगावर वळवून ठेवला. "तेव्हापासून मी दगड लावतो. लोक हसतात. हसू द्या."

त्या रात्रीच्या पानावर खाली लिहिले आहे: साबण संपला. पण त्यानंतर अंगणात उभ्या गाडीसमोरून जाताना करुणाबाई नकळत तिच्या चाकांकडे बघू लागल्या. गाडी अगदी शांत उभी असे. तेच त्यांना आवडत नसे.

मुंबईहून पट्टा आला नव्हता, आणि तिसगावहून माणूस आला. राहीबाई डॉक्टरांच्या जुन्या कंपाउंडरची लेक, पहिलटकरीण. मूल अडले होते. उतारूंची सर्व्हिस मोटार दुपारी सुटायची, टांग्याने दिवस मोडला असता. डॉक्टरांनी चांदभाईंना बोलावून घेतले.

"चांदभाई, तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. पण ती पोरगी जाईल हो."

चांदभाई गाडीभोवती एकदा फिरले. "उतरताना अडचण नाही. चढताना तापेल. मी बरोबर येतो." मग मागची पेटी उघडून दगड आहे ना ते बघितले.

उतरताना खरोखरच अडचण आली नाही. लिव्हर खालच्या वेगावर, गाडी सावकाश, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे दरी. चांदभाई पुढे सूर्यभानशेजारी बसले होते. वाटभर त्यांचे डोळे लिव्हरवर होते. घाटाच्या पायथ्याशी डॉक्टर म्हणाले, "बघा, उगाच भ्यायलो." चांदभाई मागे वळून घाटाकडे बघत होते.

तिसगावात दुपार झाली. मुलगी जन्मली, रडली. राहीबाईचा रक्तस्राव डॉक्टरांनी ताब्यात आणला, पण तिच्या ओठांचा रंग गेला होता. तिला नगरच्या इस्पितळात नेणे भागच होते. मागच्या सीटवर तिला आडवी निजवली, डोके करुणाबाईंच्या मांडीवर. मूल त्यांच्या हातांत. उन्हाने रस्ता पांढरा दिसत होता.

घाटाची अर्धी चढण झाली आणि इंजिन किंचाळले. करुणाबाईंना तो आवाज ओळखीचा होता. गाडी क्षणभर पुढेही जाईना, मागेही जाईना. जळका वास सीटखालून वर आला.

"थांबव," चांदभाई म्हणाले. "ब्रेक दाब. इंजिन बंद कर. लिव्हर चौथ्या खुणेवर." आणि गाडी पुरती थांबायच्या आत ते उडी मारून मागे गेले. मागच्या पेटीचे झाकण वाजले. दगड चाकामागे बसल्याचा धक्का मागच्या सीटला जाणवला.

परतीच्या वाटेवर दरी डावीकडे आली होती, चक्राच्या बाजूला. रस्त्याला कमरेएवढा दगडी कठडा होता, मध्येमध्ये ढासळलेला.

करुणाबाई मागून सूर्यभानचा हात बघत होत्या. त्याने लिव्हर चौथ्या खुणेवर नेली. जरा थांबला. मागे वळून उताराकडे पाहिले. मग हळूच लिव्हर पुन्हा पुढच्या खुणेवर आणली आणि दार उघडून उतरला. करुणाबाईंना त्यातले काही कळले नाही. पुढे तो त्यांना रडत रडत म्हणाला, "बाई, चढाला मागचा गिअर कोन टाकतंय? आमी जल्मभर चढाला पयला, उताराला मागचा. मागचा टाकला तर गाडी मागंच जाईल, आसं वाटलं मला. मला वाटलं, मिस्त्री घाईत चुकलं." हातब्रेक गाडीला होता, पण नावाला.

डॉक्टर वरच्या वळणाकडे निघाले. माथ्यावर एखादी मोटार थांबवता येईल म्हणून. चांदभाई दोन गोणपाटे घेऊन खालच्या वळणावर, रस्त्याखालच्या मोरीपाशी गेले. तिथे थोडे पाणी होते, गोणपाटे भिजवून गिअरपेटीभोवती गुंडाळली तर ती लवकर निवली असती. सूर्यभान कठड्याच्या सावलीत बसला.

तेवढ्यात मागून एक बैलगाडी चढत आली. जोंधळ्याची पोती, वर कडबा. पुढे मच्छिंद्र नावाचा शेतकरी बैलांना चुचकारत चालला होता, आणि गाडीमागून त्याची बायको बनुबाई, दोन्ही हातांनी एक दगड धरून. घाट चढताना तिकडच्या बाया अशाच चालतात. बैल दमून थांबले की चाकामागे दगड टाकायचा, निघाले की उचलायचा. रस्त्यात दगड सोडून जायचे नाही; मागून येणाऱ्याच्या चाकाखाली येतो.

मोटारीशेजारून जाताना बनुबाई खिडकीशी थांबली. "काय झालं, बाई? पोरगी का पोरगा?"

"पोरगी."

"लक्षुमी हाय. जपा तिला." ती हसली आणि गाडीमागे गेली.

बैलगाडी मोटारीच्या पुढे चार हात गेली आणि बैल थांबले. मच्छिंद्र ओरडला, "दगड टाक!" बनुबाईने टाकला. चाक त्यावर आले आणि दगड उन्हाने भाजलेल्या मडक्यासारखा फुटला. गाडी मागे सरू लागली, थेट मोटारीच्या नाकावर. डावा बैल गुडघ्यावर आला. सूर्यभान धावला आणि त्याने चाकाच्या आऱ्यांत हात घातले.

"बने! दगड! आगं दगड आन!"

मागच्या काचेतून करुणाबाईंना ती दिसली. मोटारीच्या पाठीमागे ती खाली वाकली, दिसेनाशी झाली, आणि वर आली तेव्हा तिच्या हातांत काळा, एका अंगाने सपाट दगड होता. दुसरा दगड जवळ नव्हता. मोटारीला ब्रेक असतो हे तिने ऐकले होते.

"अगं, तो नको! ठेव तो!" करुणाबाई ओरडल्या. बनुबाई तोवर पुढे पोचली होती. दगड बैलगाडीच्या चाकाखाली बसला. बैलगाडी थांबली.

मग सगळे शांत झाले. मूलही रडायचे थांबले. करुणाबाईंना वाटले, कठडा हलतोय. कठड्याचा एक दगड खिडकीतून पुढे गेला, मग दुसरा, अगदी सावकाश. आवाज मुळीच नव्हता. राहीबाईने डोळे उघडून विचारले, "निघालो का?"

त्यांना उठता येत नव्हते. मांडीवर एक डोके, हातांत एक जीव. मागच्या काचेत खालचे वळण होते, तिथे कठडा ढासळलेला, आणि त्या वळणावर चांदभाई, दोन्ही हातांत पाणी गळणारी गोणपाटे. त्यांनी मान वर केली. गोणपाटे खाली पडली.

ते बाजूला झाले नाहीत. गाडीकडे धावत आले, आणि लिव्हर डावीकडे म्हणून दरीच्या अंगाने आले, कठडा आणि गाडी यांच्या मधून. पुढच्या खिडकीतून त्यांचा हात आत आला, चक्रावर आपटला, सुटला, पुन्हा आला. गाडीला आता वेग येत होता. त्यांनी लिव्हर वर उचलली आणि चौथ्या खुणेवर दाबली.

आत काहीतरी कडाडले. लोखंडावर लोखंड, दातावर दात. करुणाबाईंचे डोके सीटवर आपटले. गाडी गचकन अडली, तिची शेपटी डावीकडे फिरली आणि कठड्याला जाऊन टेकली. मागचे एक चाक ढासळलेल्या जागेपासून हातभर अंतरावर होते.

चांदभाईंचा चेहरा अजून खिडकीत होता, पांढरा. हात लिव्हरवर तसाच.

"लेकरू?"

"बरं आहे, चांदभाई. बरं आहे."

"लिव्हर हलवू देऊ नका कोणाला." मग चढणीकडे बघत, "त्या बाईला सांगा, तिचा दगड काढू नको म्हणावं. तिचा तिथंच राहू दे."

तेव्हा करुणाबाईंनी खाली वाकून पाहिले. चांदभाईंचा डावा पाय गाडीची पायरी आणि कठडा यांच्यामध्ये होता.

मच्छिंद्र, सूर्यभान आणि माथ्यावरून डॉक्टरांनी थांबवून आणलेली लॉरीवाली माणसे यांनी गाडी पुढून उचलून बाजूला घेतली. बनुबाई रस्त्यात बसून कपाळ बडवत होती. चांदभाईंना, राहीबाईला आणि मुलीला लॉरीत घातले. मोटारीची लिव्हर गिअर सोडवणाऱ्या पहिल्या खुणेवर आणली, तर चाके सुटी फिरू लागली, पण कुठल्याही खुणेवर काहीच धरेना. गिअरपेटीतले दात मोडले होते. लॉरीने तिला दोराने ओढत नगरला आणली. काळा दगड बैलगाडीबरोबर घाट चढून गेला.

राहीबाई जगली. चांदभाईंचा पाय डॉक्टरांनी त्याच दिवशी गुडघ्याखालून काढला. पुढे कितीतरी वर्षे ते झेंडीगेटला लिंबाखाली खाटेवर बसून गाड्यांची दुखणी सांगत. गाडीखाली मात्र पुन्हा कधी शिरले नाहीत. कुबडी टेकून ठेवताना तिच्या टोकाशी एक खडा ठेवीत. आता कोणी हसत नसे.

त्या संध्याकाळी झेंडीगेटहून करुणाबाई परतल्या तेव्हा मोटार अंगणात आणून सोडली होती. अंगणाला फाटकाकडे थोडा उतार आहे. फाटकाबाहेर शेजारची मुले गोट्या खेळत होती. सूर्यभान एकटाच पुढच्या बंपरला पाठ लावून, पाय रोवून उभा होता. हलू धजत नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "दगड न्हाई घावत कुटं."

अंगण झाडून शेणाने सारवलेले. खरेच, एक खडा नव्हता. करुणाबाई स्वयंपाकघरात गेल्या, दोन्ही हातांनी वरवंटा उचलून आणला आणि स्वतः वाकून चाकाखाली बसवला. नंतर मुलांना घरी जायला सांगितले.

रात्री त्यांनी पान पुरे केले. रोशनबींच्या ओळीखाली शेवटची ओळ अशी आहे:

वरवंटा मोटारीच्या चाकाखाली आहे. उद्याची चटणी खलबत्त्यात कुटावी लागेल.